पोळ्याचा बैल, धांड्याची गाडी आणि कागदावरचं घर : वाचकांचे प्रश्न

पोळा जवळ आला की या सदराकडे मातीच्या बैलांची पत्रं येतात. यंदा त्यांच्याबरोबर आणखीही काही आली. लहानपणी हातानं जे खेळलो ते आता चित्रात, शिल्पात कसं आणायचं, हा सगळ्यांचा मूळ सवाल आहे. त्यातली पाच पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं लांबली तर लांबू दिली, कारण मातीच्या आणि ज्वारीच्या धांड्याच्या कामात अर्धवट सांगितलं की नुकसानच होतं.

*बालपण हा विषय घेऊन मी बरीच वर्षं कॅनव्हास करतोय. विटीदांडू, सूरपारंबी, पतंग, नागपंचमीचा झोका, सगळं काढून झालं. बघणारे म्हणतात, "वा, गावाची आठवण आली." पण मला स्वतःला ही चित्रं कॅलेंडरसारखी वाटायला लागलीत. चुकतंय कुठं? (चित्रकार, उदगीर)*

तुमच्या चित्रांत खेळणारी मुलं आहेत, पण ती बाहेरून बघितलेली आहेत. उभ्या माणसाच्या उंचीवरून, लांबून. सूरपारंबी खेळणाऱ्या पोराला अख्खा वड कधी दिसतच नाही. त्याला दिसते हाताला येऊ शकणारी एक पारंबी, पायाखालची फांदी तोलेल का नाही ते, आणि खाली दांडका घेऊन पळत येणारा गडी. डेरेदार वड हे नंतर मोठं झालेल्या माणसाचं चित्र आहे. बालपण विषय म्हणून घेतलं की ते असं गोड होत जातं. खेळाची रीत कामात आणली तर ते वेगळं वागतं.

आठवडाभर रंग बाजूला ठेवा आणि एकच खेळ धरा. सागरगोटे घेऊ. पाच खडे, एक वर उडवायचा, तो हातात परत येईपर्यंत खालचा उचलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक. आता बघा, यात डोळा वर असतो आणि हात खाली आंधळा काम करतो. हातभर उंच उडवलेला खडा पाऊण सेकंदाच्या आत परत येतो. तेवढ्या वेळात बोटांनी जमीन चाचपून खडा हुडकायचा असतो. ही अख्खी एक रेखाटनाची पद्धत आहे. समोर कागद, डाव्या हातानं खडा उडवा, नजर खड्यावर, आणि तो तळहातावर परत येईपर्यंत उजव्या हातानं एकच रेघ. असे तीस-चाळीस कागद करा. पहिले दहा वाया जातात, कारण हात अजून 'चित्र' काढत असतो. विसाच्या पुढं रेघ आखूड, नेमकी आणि घाईची होते. ती तुमच्या आताच्या रेघेपेक्षा निराळी असेल. ती ठेवा.

दुसरं काम उंचीचं. सहा वर्षांच्या लेकराचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. वीतभर उंच पाटावर मांडी घालून बसलात की तुमचे डोळे जवळपास तिथं येतात. तिथून घरातली, गोठ्यातली रेखाटनं करा. रांजणाचं तोंड दिसत नाही, पोट दिसतं. बाजेची सुंभ डोळ्यासमोर येते. बैलाचं तोंड वर कुठंतरी राहतं आणि त्याच्या पोटाखालून पलीकडचं अंगण दिसतं. मोठ्या माणसांचे चेहरे चौकटीबाहेर जातात. जाऊ द्या.

तिसरं, ज्या गल्लीत खेळलात तिचा नकाशा आठवणीतून काढा आणि आकार महत्त्वाप्रमाणे ठेवा. ज्या ओट्यावर भातुकली मांडली जायची तो मंदिराहून मोठा असेल तर तसाच मोठा. इथं बहुतेक जण दुसऱ्या दिवशी नकाशा 'दुरुस्त' करतात, अंतरं खरी करतात, आणि सगळं निसटतं. दुरुस्त करू नका.

पॉल क्ले या चित्रकाराला १९०२ साली आईवडिलांच्या घरी स्वतःची लहानपणची चित्रं सापडली. पुढं त्यानं आपल्या कामांची यादी करायला घेतली तेव्हा त्यातली काही चित्रं त्यानं यादीत रीतसर धरली. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकारानं १९०९ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, पितळी पत्रा कापून-वाकवून एक बदक केलं होतं, धक्का दिला की डुलणारं. १९२६ पासून पॅरिसमध्ये त्यानं तार, बूच आणि चिंध्यांची अख्खी सर्कस केली, आणि नंतर हवेवर हलणारी त्याची टांगती शिल्पं आली. बदक पुन्हा त्यानं काढलं का नाही, हा मुद्दा गौण आहे. 'हात लावला की हललं पाहिजे' ही अट त्यानं सोडली नाही. तुमच्या खेळात अशी अट कोणती होती, ती शोधा.

*पोळ्याच्या आधी शाळेत पन्नासेक मुलांकडून मातीचे बैल करून घेतो. माती वावरातली काळी. दुसऱ्या दिवशी निम्म्या बैलांचे पाय निखळतात, पोटाला भेगा पडतात. काही बैल भाजायला दिले, त्यातले तीन भट्टीतच फुटले. एक चांगला निघाला, पण महिन्याभरात त्याच्या अंगावरून टवके उडायला लागले. (शिक्षक, परभणी जिल्हा)*

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एकेक घेऊ.

पहिलं म्हणजे भेगा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की खूप आकसते. एप्रिल-मे महिन्यात तुमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच कारणानं बैलाचं पोट फाटतं. जमलं तर तळ्यातला किंवा ओढ्याच्या डोहातला गाळ घ्या, नाहीतर गावातल्या कुंभारदादांकडून तयार माती आणा. ते उत्तम. काळीच वापरायची असेल तर ती एकटी वापरू नका. तीन घमेली काळी माती, एक घमेलं बारीक चाळलेली नदीची वाळू आणि एक घमेलं वाळवून कुटून चाळलेलं शेण किंवा घोड्याची लीद. शेणातले तंतू माती धरून ठेवतात. बैल भाजायचे नसतील तर पाच किलो ओल्या मातीला मूठभर पिंजलेला कापूसही चालतो. मात्र तो चिमटी-चिमटीनं, विस्कटून घाला. गोळ्यानं घातला तर तिथं गाठ होते आणि नेमकं तिथंच तुटतं.

माती तीन दिवस भिजवा, काठीनं ढवळा, जुन्या धोतराच्या कापडातून गाळा, आणि गोणपाटावर किंवा विटांवर पसरून पाणी जिरू द्या. मग तुडवा. आता दोन कसोट्या. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर पाणी कमी किंवा वाळू जास्त, बोटाला चिकटली तर अजून ओली आहे. दुसरी कसोटी आकसण्याची. बोटभर जाड, बारा सेंटिमीटर लांब पट्टी करा, तिच्यावर खिळ्यानं बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. रेघ नऊ सेंटिमीटरच्या खाली गेली तर वाळू वाढवा. ही कसोटी पोळ्याच्या आठ दिवस आधी करा. आदल्या दिवशी करून उपयोग नाही.

पाय का निखळतात? मुलं धड वेगळं करतात, पाय वेगळे वळतात आणि चिकटवतात. पाय बारीक, ते आधी वाळतात आणि आकसून बसतात. पोट जाड, ते नंतर आकसतं आणि आधीच कडक झालेल्या पायांना सांध्यात ओढतं. तिथं तडा जाणारच. गावातल्या मुलांची जुनी रीत यापेक्षा शहाणी आहे. मोसंबीएवढा गोळा घ्यायचा, साधारण चारशे ग्रॅम. तो लांबट वळायचा, मध्ये कमान करून दोन्ही टोकं खाली वाकवायची. प्रत्येक टोक बोटानं मधोमध चिरलं की दोन-दोन पाय झाले. मान आणि डोकं पुढून ओढून काढायचं, वशिंड वरून चिमटीत धरून उचलायचं. सगळं एकाच गोळ्यातून, जोड कुठंच नाही. पाय आखूड आणि बुंध्याला जाड ठेवायचे. फक्त शिंगं आणि शेपूट नंतर लावायची, आणि त्याआधी दोन्ही बाजू काट्यानं ओरखडून मातीच्या दाट लोण्याचा हात द्यायचा. शिंगांना बाभळीचे काटे लावणार असाल तर एक ध्यानात घ्या. काटा आकसत नाही, माती आकसते, म्हणून काट्याभोवती डोकं फाटतं. ओल्या मातीत काटा खुपसून, फिरवून भोक थोडं मोठं करा, काटा काढून घ्या आणि वाळल्यावर डिंकात बुडवून परत बसवा.

पहिली रात्र बैल ओल्या फडक्याखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी पाय आणि शिंगं प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळा आणि पोट उघडं राहू द्या, म्हणजे जाड आणि बारीक भाग बरोबरीनं वाळतील. पंख्याखाली किंवा उन्हात नको. भाजायचा बैल सावलीत आठ-दहा दिवस तरी हवा.

भट्टीत फुटतो तो पोटातल्या पाण्यामुळं. वरून वाळलेला दिसणारा भरीव बैल आत ओला असतो. त्या पाण्याची वाफ झाली की तिला वाट हवी असते, ती मिळाली नाही की स्फोट. भाजायच्या बैलाचं पोट अंगठ्याहून जाड असेल तर ते पोकळ करा. माती चामड्यासारखी झाली की ताणलेल्या दोऱ्यानं पोट आडवं कापा, आतून कोरून भिंत सेंटिमीटरभर ठेवा, कडा ओरखडून पुन्हा जोडा आणि पोटाखाली पेन्सिलीएवढं भोक ठेवा. पोकळ मूर्तींची ही समज आपल्याकडे नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या, दोन भागांच्या साच्यातून काढून जोडलेल्या पोकळ मृण्मूर्ती सापडल्या आहेत. मुलांना सहलीला कुठं न्यायचं हा प्रश्न पडतो तेव्हा तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय जरूर ध्यानात ठेवा. दोन हजार वर्षांमागचा सांधा मुलांना तिथं जवळून बघता येतो. भट्टी लावताना पहिले तीन-चार तास नुसता धूर आणि मंद आच. भट्टीच्या तोंडावर क्षणभर थंड आरसा धरा. त्यावर वाफ धरते तोवर आच वाढवायची नाही.

आता टवके. तो दोष तुमच्या हातचा नाही, मातीतला आहे. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतली ओल शोषतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. उडालेल्या टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका बघा, हमखास सापडेल. माती कोरडी असतानाच तिच्यावर लिंबू पिळा; फसफसली तर चुनखडी आहे. अशी माती धोतरातून गाळणं टाळूच नका, कारण त्रास मोठ्या खड्यांचा होतो. तरीही शंका असेल तर भट्टीतून काढलेला बैल कोमट असतानाच दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा. चुना लगेच विरतो आणि मऊ पडून आतच बसतो.

आणि कृपा करून साचा आणू नका. पन्नास मुलांचे पन्नास बैल वेगळे निघतात, कुणाचं वशिंड डोक्याहून मोठं, कुणाला शेपूटच नाही. ज्या लेकरानं वशिंड मोठं केलं त्यानं बैलाच्या पाठीवर हात फिरवलेला असतो. ते 'प्रमाणात' आणायचं कारण नाही.

*माझी पाच वर्षांची मुलगी घर काढते तर भिंतीतून आतली माणसं, चूल, पलंग, सगळं दिसतं. विहीर वरून बघितल्यासारखी गोल आणि तिच्याशेजारी बाई समोरून उभी. घरातले म्हणतात, आत्तापासून बरोबर काढायला शिकव. शिकवू का? (आई, जालना)*

नका शिकवू. निदान अजून चार वर्षं तरी नको.

तुमची मुलगी चुकत नाही. तिला जे ठाऊक आहे ते ती काढते. घरात चूल आहे, मग ती दिसली पाहिजे. विहीर गोल असते, हे वरूनच कळतं. बाई कोण आहे, हे समोरूनच कळतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. दोन ते चार वर्षं गिरगोट्या, चार ते सात हळूहळू आकार, सात ते नऊ ठरलेली चिन्हं आणि खाली जमिनीची रेघ, नऊच्या पुढं 'खऱ्यासारखं' काढायची ओढ. वयं मागंपुढं होतात, क्रम बहुधा तसाच राहतो. पारदर्शक भिंती या प्रवासात येतातच.

अजिंठ्याच्या चित्रकारांनीही महालाची भिंत उघडी ठेवून आतला प्रसंग आणि बाहेरचा रस्ता एकाच चित्रात दाखवला आहे. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कुठलंही धड धरून बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. सुट्टीत मुलीला ते दाखवा आणि काही न सांगता तिला धडं मोजू द्या.

घरी काय द्यायचं ते सांगतो. कागद मोठा, निदान वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. लहान कागदावर फक्त बोटं हलतात, मोठ्यावर खांदा हलतो. ब्रश दहा किंवा बारा नंबरचा. रंग चारच ठेवा. घरी करायचे असतील तर गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड पुरे. चुना मात्र लेकराच्या हाती नको, कातडी जळते. हळदीचा रंग सुंदर येतो, पण उजेडात महिनाभरात उडतो. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. चार चमचे रंगाला दीड-दोन चमचे हे डिंकाचं पाणी, मग लागेल तसं साधं पाणी. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, रंग चकाकून तडकला तर जास्त झाला.

बोलताना "हे काय काढलंस?" असं विचारू नका. तिला ते उघड दिसत असतं, तुम्हाला दिसत नाही म्हटल्यावर तिचा हात थबकतो. "आत काय चाललंय?" असं विचारा, ती पंधरा मिनिटं सांगेल. ते बोलणं तारखेसह चित्राच्या मागच्या बाजूला तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या बाजूला काहीही लिहायचं नाही. आणि नऊ-दहाव्या वर्षी ती स्वतः विचारेल, "हात नीट कसा काढायचा?" त्या दिवशी मात्र टाळू नका. तेव्हा निरीक्षण शिकवायचं असतं, कारण त्या वयात ज्यांना कुणी काही दाखवत नाही ती मुलं "मला येत नाही" म्हणून चित्र सोडून देतात.

रंगवायच्या छापील पुस्तकांबद्दलही तुम्ही विचारलंय. हात स्थिर व्हायला ठीक, पण त्याला चित्र काढणं धरू नका.

*चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करतेय. स्मरणचित्रात मी आठवडी बाजार काढते, पण माझा बाजार आणि मैत्रिणीचा बाजार अगदी सारखा येतो. (विद्यार्थिनी, हिंगोली)*

कारण दोघींनी बाजार चित्रातून पाठ केलाय, बाजारातून नाही. भातुकली मांडताना तू चूल कुठं, पाणी कुठं, पाहुणा कुठून येणार, हे ठरवायचीस ना? तसंच कर. पाटावर काडेपेट्या, बोळकी, झाकणं मांडून बाजाराचा एक कोपरा रच. एकीकडून बॅटरीचा उजेड पाड. दोन मिनिटं बघ, पाठ फिरव, दहा मिनिटांत काढ, मग वळून तपास. रोज एकदा, महिनाभर.

माणसांसाठी तारेची बाहुली कर. डोकं तीन सेंटिमीटर धरलं तर मोठं माणूस एकवीस, म्हणजे सात डोकी. सहा वर्षांचं पोर स्वतःच्या डोक्याच्या मापात साडेपाच-सहा डोकी भरतं. मोठ्या माणसाला नुसतं लहान केलं की पोर होत नाही, ही चूक स्मरणचित्रात सगळ्यात जास्त दिसते. बाहुलीला वाकव, बसव, डोक्यावर पाटी दे आणि त्या पोझचं रेखाटन कर. वाकलेल्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे ते बाहुली लगेच सांगते, कारण चुकलं की ती पडते.

*वार्षिक प्रदर्शनासाठी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करतोय, लहानपणी करायचो तशीच, पण सहा फूट लांब. पहिला प्रयत्न फसला. गाडी स्वतःच्या वजनानं मधोमध खचली, काही धांडे काळे पडले आणि आतल्या मऊ भेंडात किडे झाले. (कला महाविद्यालयातला विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)*

आधी खचण्याचं बघू. लहानपणीची गाडी वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरची असायची. सहा फूट म्हणजे दहा-बारा पट. सगळी मापं बारापट केली तर वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पट होतं, पण ते पेलणाऱ्या दांडीच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त १४४ पट वाढतं. प्रत्येक सांध्यावर बारापट ताण. त्यात धांडा काही बारापट जाड मिळत नाही. म्हणून लहान खेळण्याची नुसती मोठी नक्कल उभी राहत नाही.

धांड्याची ताकद सालीत आहे. आतलं भेंड दाबाला बरं, ओढीला कुचकामी. लहानपणी साल सोलून तिच्या टाचण्या करायच्या आणि भेंडाच्या तुकड्यात खुपसायच्या. भेंड सालीला घट्ट धरून ठेवतं म्हणून डिंकाशिवाय गाडी उभी राहायची. (साल सुरीसारखी कापते, बोटांना चिंधी गुंडाळूनच सोला.) मोठ्या गाडीत वजन पेलणारे भाग, म्हणजे दांड्या, आख (दोन चाकांमधला आडवा दांडा), जू, हे न सोललेल्या धांड्यांच्या मोळ्यांचे करा. बारा ते पंधरा धांड्यांची एक मोळी, वीतभर अंतरावर सुतळीचे आवळ. मोळीतल्या धांड्यांची टोकं एकाच जागी येऊ देऊ नका, मागंपुढं सरकवा, नाहीतर तिथंच मोडेल. टाचण्यांऐवजी बांबूच्या कामट्या. सोललेलं पांढरं भेंड साट्याच्या (माल ठेवायच्या सांगाड्याच्या) भरणीला आणि चाकाच्या आऱ्यांना ठेवा, ते दिसतंही सुंदर. चाकाची धाव सालीच्या ओल्या पट्ट्या वाकवून, चार-पाच थर एकावर एक बांधून करा.

आधी वीतभर नमुना करा. वळणारे सांधे तपासायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरा. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये काडेपेटीच्या काड्या आणि हीच ट्यूब जोडून आकृत्या उभ्या करायची युक्ती शोधली. चौकोन का लचकतो आणि त्रिकोण का लचकत नाही, ते तिच्यात दोन मिनिटांत हाताला कळतं. तुमच्या साट्याला तिरपी आडवी पडलेली नव्हती, असं पत्रातल्या वर्णनावरून वाटतं. दोन्ही बाजूंना एकेक द्या.

काळे पडलेले धांडे बहुधा अवकाळीत भिजलेल्या कडब्यातले असणार. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हाच शेतावर जाऊन सरळ, न भिजलेले, पेरं लांब असलेले धांडे निवडा. दहा-पंधरा दिवस उन्हात उभे वाळवा. वरच्या ढिगातला कडबा नंतर विकत घेऊन हे जमत नाही.

किड्यांसाठी बांबूला वापरतात तेच औषध चालेल. दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम बोरिक पावडर आणि तीनशे ग्रॅम बोरॅक्स, पाणी कोमट हवं म्हणजे विरघळतं. सोललेलं भेंड अर्धा तास बुडवलं तरी भरपूर पितं. न सोललेल्या धांड्याची दोन्ही टोकं कापून रात्रभर बुडवा. हातमोजे घाला, आणि हे पाणी जनावरांच्या हौदाजवळ नको. नंतर सावलीत आठवडाभर वाळवा. औषध दिलेला धांडा पुन्हा कडब्यात जाता कामा नये, उरलेले तुकडे वेगळे बांधून ठेवा.

चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरू का, असं विचारलंय. नांदेडच्या सीमेपलीकडं निर्मळची खेळणी करणारे कारागीर लाकडाच्या भुश्यात ती मिसळून वापरतात आणि ती पकडतेही छान. पण तुमच्या गाडीत ती पुन्हा बुरशीला बोलावणं होईल, कारण तुमचे सांधे उघडे आहेत, त्यावर रंगाचा थर नाही. पाण्यात थोडा पातळ केलेला पांढरा लाकडी गोंद बरा.

आता एक गोष्ट तंत्रापलीकडची. तुम्ही लिहिलंय की गाडी चबुतऱ्यावर, दोरीच्या कुंपणात ठेवणार. धांड्याची गाडी करणारं पोर ती बघत बसत नाही, ओढत नेतं. तिच्यात खडे, चिंचोके भरतं, चाक मोडलं की बसून दुसरं करतं. तो सगळा भाग कुंपणाबाहेर राहिला तर उरेल एक मोठा नमुना. दालनाची जमीन गुळगुळीत असेल तर जुवाला दोरी बांधा आणि बघणाऱ्यांना गाडी ओढू द्या. चाकं डगमगणार, करकरणार, मोडणारही. म्हणून आख सैल ठेवा. भोक आखापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं, नाहीतर घर्षणानं भेंड पहिल्याच दिवशी भुगा होईल. वंगणाला साबणाचा कोरडा तुकडा घासा, तेल नको, ते भेंडात मुरतं आणि डाग पसरतो. पाच दिवसांच्या प्रदर्शनाला दोन चाकं लावलेली आणि सहा तयार ठेवलेली असू द्या, शेजारी सोललेल्या साली, कामट्या आणि सुतळीचा गुंडा. मोडलेलं चाक तिथंच, लोकांसमोर जमिनीवर बसून बदला. मोडलेली चाकं टाकू नका, भिंतीला ओळीनं टेकवून ठेवा, प्रत्येकावर कितव्या दिवशी मोडलं ते खडूनं लिहून.